भंडारदऱ्याला जाताय? आधी पाणी कुठे आहे ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीहून सहा जण निघणार. त्यांत गुडघ्याचं ऑपरेशन झालेले चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे, तेरा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. हवा फार गरम नको, फार गार नको, गाव नदीकाठचं हवं, दिवस तीन. भंडारदरा मनात आहे, पण तिथे ‘धरणाशिवाय आणखी काय आहे’ आणि ‘नेमकं कधी जावं’?

मी गेली बावीस वर्षं या भागात लोकांना घेऊन येतो. आधी ट्रेकवाल्यांना आणायचो, आता बहुतेक कुटुंबं आणि शाळेची मुलं. तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. भंडारदऱ्याला काय आहे, हे तुम्ही कधी जाता त्यावर ठरतं. शेंडी गावाच्या नाक्यावर उतरलात की गाडीवाला ‘पॉइंट’ची यादी पुढे करतो. बारा पॉइंट, चौदा पॉइंट, एका दिवसात सगळे. त्यातले निम्मे पॉइंट म्हणजे पाणी असतं. आणि पाणी इथे बाराही महिने एका जागी बसत नाही. कधी ते आभाळात असतं, कधी धरणात, कधी नदीपात्रात, कधी पन्नास-साठ किलोमीटर खाली कुणाच्या तरी उसात. म्हणून मी निघण्याआधी जिथे राहणार तिथल्या माणसाला फोन करून एवढंच विचारतो, “पाणी कुठे आहे?” तो हसतो, पण उत्तर बरोबर देतो.

हे मी ठेच खाऊनच शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एकदा ऑक्टोबरमध्ये ठाण्याच्या वीस जणांना घेऊन गेलो होतो. सगळ्या रस्ताभर अंब्रेला फॉलचं वर्णन करत होतो. धरणाच्या पायथ्याशी काळ्या गोल खडकावरून पाणी असं उतरतं की छत्री उघडल्यासारखं दिसतं, वगैरे. पोहोचलो तर खडक कोरडा ठणठणीत. त्यावर एक बगळा उभा. तिथला माणूस म्हणाला, “काल संध्याकाळीच बंद केलं की.” तोवर मला कळलंच नव्हतं की हा धबधबा निसर्गाचा नाही, झडपेचा आहे. धरणातून पाणी सोडलं तर छत्री उघडते, झडप फिरवली की मिटते. वीस जणांनी परतीच्या वाटेवर माझी जी काढली, ती अजून आठवते.

तर आधी गाव समजून घ्या. भंडारदरा अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला, प्रवरा नदीवर आहे. उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर. बाजार, एसटीचा थांबा, हॉटेलं हे सगळं शेंडी गावात, पण बाहेरचे लोक या सगळ्यालाच भंडारदरा म्हणतात. उंची, तीन बाजूंनी डोंगर आणि मधोमध एवढं मोठं पाणी, यामुळे हवा बरीचशी बेतात राहते. एप्रिल-मेच्या दुपारी ऊन लागतंच, त्यात कुणी फसू नये, पण सूर्य डोंगराआड गेला की पाण्यावरून वारा सुटतो आणि रात्री अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहिवर पडून तंबू भिजलेले असतात. महाबळेश्वरसारखी ही इंग्रजांनी वसवलेली ‘हवा खाण्याची’ जागा नव्हे. इंग्रज इथे धरण बांधायला आले.

त्या धरणाबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही म्हणालात ‘धरणाशिवाय’. धरणाशिवाय भंडारदरा सांगताच येत नाही. काम सुरू झालं १९१० मध्ये, पुरं झालं १९२६ मध्ये. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून विल्सन डॅम, आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक. गावात मात्र ही नावं कुणाच्या तोंडी नसतात, नुसतं ‘धरण’. भिंत दगडी, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीभाषेत अकरा टीएमसी. १५ ऑगस्टच्या आसपास धरण भरायचं, असा इथला जुना रिवाज. भरलं की खालच्या तालुक्यांतल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर फोटो येतो. ते स्वाभाविकही आहे. धरणाकाठच्या घाटघर आणि रतनवाडीला दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो तेव्हा साठेक किलोमीटर पूर्वेला संगमनेरच्या बाजूला लोक आभाळाकडे बघत असतात. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात, इथेच रिकामे होतात, आणि पुढे कोरडेच सरकतात. त्या कोरड्या पट्ट्याला हे पाणी निळवंडे धरणातून पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी मिळतं, तेही आवर्तनांनी, म्हणजे ठरावीक पाळ्यांनी सोडलेलं. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन. तुमचा धबधबा चालू आहे की बंद, हे बऱ्याचदा या आवर्तनाच्या वेळापत्रकावर असतं. जायकवाडीला किती द्यायचं यावर दर तुटीच्या वर्षी भांडण होतं ते वेगळंच.

आता वर्षाकडे येऊ. मी जूनपासून सुरू करतो, कारण इथलं वर्ष जूनलाच सुरू होतं.

खरं म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या, हवेत दमटपणा आला, की काजवे निघतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस नीट लागेपर्यंत. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, पांजरे, उडदावणे या धरणाकाठच्या गावांच्या शिवारात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर ही त्यांची आवडती झाडं. सादडा म्हणजेच कोकणातला ऐन. सगळ्या झाडांवर नसतात. शेजारीशेजारी उभ्या दोन सादड्यांपैकी एक लखलखत असतो आणि दुसरा ठार काळा. कारण विचारलंत तर गावातली म्हातारी माणसंसुद्धा “त्यांची मर्जी” एवढंच सांगतात.

तुम्ही ते कसं बघाल ते सांगतो. सात वाजता जाऊन बसायचं, अंधार पुरता व्हायच्या आधी. पहिला काजवा वर नसतो, पायाशी गवतात असतो. एकच, मंद, विझेल की काय असा. मग बांधावर तीन-चार. या वेळी मुलं हमखास म्हणतात, “एवढेच?” त्यांना गप्प बसवायचं. अर्ध्या तासात डोळे अंधाराला सरावतात आणि लक्षात येतं की समोरचं झाड श्वास घेतंय. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत हजारो ठिपके एकदम पेटतात, एकदम विझतात. मध्ये एक क्षण पूर्ण काळोख. पुन्हा पेटतात. कधीकधी एका फांदीवरून लाट सुटते आणि झाडाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विरते. लुकलुकणारे बहुतेक नर असतात, मादीला खुणावतात. हा सगळा मामला जोडीदार शोधण्याचा, आणि त्यासाठी त्यांच्याकडे प्रौढपणीचे थोडेच दिवस असतात. त्याआधीचं आयुष्य अळीच्या रूपात मातीत, पालापाचोळ्यात, गोगलगाई खात गेलेलं असतं.

म्हणून तिथे बॅटरी मारू नका. मोबाइलचा फ्लॅश नको, गाडीचे दिवे चालू ठेवून उभं राहू नका. एका गाडीने हेडलाइट टाकला की ते झाड पंधरा-वीस मिनिटं गप्प होतं, मी घड्याळ लावून बघितलंय. शनिवार-रविवारी आता इथे गाड्यांची रांग लागते, झाडाखाली उभं राहून लोक वेफर्स खातात, गवत तुडवतात आणि त्याच गवतात माद्या असतात. हे सगळं जंगल १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. काजव्यांच्या दिवसांत वनखातं नाक्यावर प्रवेशशुल्क घेतं, रात्रीच्या वेळेवर बंधन घालतं. जायच्या आधी त्या वर्षीचे नियम विचारा आणि मंगळवार-बुधवार गाठा. सासऱ्यांसाठी तर हा सगळ्यात सोयीचा कार्यक्रम आहे. गावातल्या एखाद्या घरी राहा, अंगणात खुर्ची टाका, काजवे चालत येतात.

मृगाचा पाऊस लागला की काजवे संपतात आणि खेकडे सुरू होतात. पहिल्या पावसात रात्री कंदील घेऊन पोरं ओढ्याला जातात, सकाळी घरात काळ्या खेकड्यांचं कालवण. तुम्ही खात असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. नसाल तर त्या दिवसांत कोळू, भारंगी, कुरडू असल्या रानभाज्या मिळतात, त्या शहरात बाजारात येतात तेव्हा त्यांचा जीव गेलेला असतो. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत, देशी बियाण्यांची बँक केली म्हणून २०२० सालची पद्मश्री जाहीर झालेल्या. इथल्या शेतघरात वाल, घेवडे, काळभात यांची नावं ऐकलीत तर ती जपण्यामागे असे हात आहेत.

जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा, हा भर पावसाचा काळ. फोटोत सगळ्यात सुंदर दिसतो आणि म्हणून सगळ्यात जास्त गर्दी. धरणाला वळसा घालणारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. शेंडीवरून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर करत पुन्हा शेंडी. या दिवसांत त्या रस्त्यावर डोंगराची प्रत्येक घडी म्हणजे धबधबा. कुणी त्यांना नेकलेस, न्हाणी अशी नावं दिलीत, पण मोजायला गेलात तर नावं पुरणार नाहीत. खाचरांतून भाताची आवणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, डोक्यावर पूर्वी इरलं असायचं, आता निळं-पिवळं प्लास्टिक. मला तो देखावा धबधब्यांपेक्षा मोठा वाटतो, पण गाडी थांबवून बांधावर उतरू नका. ते कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे, आणि कोवळं रोप बुटाखाली गेलं की परत उभं राहत नाही.

घाटघरला कोकणकड्यावर या दिवसांत बहुधा काहीच दिसत नाही. ढग. उभं राहिलात की पायाखालून वर येतात. एखाद्या मिनिटाला फट पडते आणि खाली, अगदी खाली, शहापूरच्या बाजूचं हिरवं कोकण दिसतं. वारा असेल तर कड्यावरून पडणारं पाणी खाली पोहोचतच नाही, फवारा होऊन तुमच्याच तोंडावर परत येतं. मुलांना ते फार आवडतं. आणि तेरा वर्षांच्या मुलाला याच जागी आणखी एक गोष्ट सांगा. इथे पाणी डोंगर चढतं. घाटघरला २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. वर घाटमाथ्यावर एक तलाव, खाली कोकणात दुसरा, दोन्हींमध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार आणि पोटात बोगदे. विजेची मागणी जास्त असते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करायची, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर. माझ्याबरोबर आलेल्या शाळेच्या मुलांना हे अंब्रेला फॉलपेक्षा जास्त लक्षात राहतं.

तुमच्या मंडळींना घेऊन भर पावसात या असं मात्र मी म्हणणार नाही. शेवाळलेले दगड आणि गुडघ्याचं ऑपरेशन यांचं जमत नाही. रतनवाडीकडचा रस्ता दरडींनी, वाहून आलेल्या मातीने अधूनमधून अडतो. नदीपात्रात तर उतरूच नका. धरण भरत आलं की विसर्ग वाढवतात, भोंगा वाजतो, पण पाण्याच्या आवाजात तो सगळ्यांना ऐकू येतोच असं नाही. कोरडा दिसणारा खडक दहा मिनिटांत पाण्याखाली जाताना मी पाहिला आहे. त्या वेळी तिथे फोटो काढत उभी असलेली चार पोरं धावत काठावर आली म्हणून ही गोष्ट तुम्हाला एवढ्या शांतपणे सांगता येते आहे.

रंधा धबधबाही याच हंगामाचा. शेंडीहून राजूरकडे जाताना साधारण दहा किलोमीटरवर प्रवरा तिथे एकशे सत्तर फूट खाली उडी घेते. जवळ घोरपडादेवीचं देऊळ. धरणातून विसर्ग मोठा असेल तेव्हा पाणी लाल-तपकिरी, आवाज छातीत बसतो, आणि कठड्यापाशी उभं राहून वाफेसारखे तुषार अंगावर घ्यायचे. एरवी एखादी बारीक धार, किंवा नुसताच कातळ. पण कातळही बघा. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. रंध्याच्या घळीत ते थर वहीच्या पानांसारखे दिसतात, पाणी नसतं तेव्हाच नीट. इथे पायऱ्या बेताच्या, कठडा आहे, सासऱ्यांना जमेल.

आता माझा आवडता काळ. गणपती उठले, पाऊस उघडझाप करायला लागला, तेव्हापासून दसऱ्यापर्यंत. धरण काठोकाठ, नदी वाहती पण शांत, आणि डोंगरउतारांवर फुलं. सोनकीने अख्खे उतार पिवळे होतात, मध्ये तेरड्याचे गुलाबी पट्टे, ओल्या कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर. कवल्याचं फूल मुलांना दाखवा. पिवळं, छोटं, दोन कान असलेलं, त्यामुळे त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. यासाठी कळसूबाई चढायची गरज नाही. साम्रदच्या आधी रस्त्याच्या कडेच्या सपाट सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उतरलात तरी पुरे. फक्त सड्यावर पाऊल बघून टाका. सात वर्षांनी फुलणारी कारवी त्या वर्षी फुलली असेल तर नशीब म्हणायचं, डोंगरच निळसर दिसतो, आणि मग काही दिवसांनी कारवीचा मध मिळतो.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर या काळात पाहावं. दगडी, नखशिखान्त कोरलेलं, शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांशी शिवालयं बांधली त्यांतलं हे एक, असं मानलं जातं. मागे उभा रतनगड, १,२९७ मीटर, आणि प्रवरेचा उगम त्याच डोंगरात. पावसाळ्यात गाभाऱ्यातही पाणी साचतं, पिंड पाण्याखाली जाते. पाणी कुठे आहे हा प्रश्न इथे देवालाही चुकलेला नाही. बाहेर पुष्करणी आहे, चारही बाजूंनी कोनाडे आणि त्यांत मूर्ती. तिच्या काठावर सासऱ्यांना बसवा आणि प्रवरेची गोष्ट सांगा, नाहीतर तेच तुम्हाला सांगतील. समुद्रमंथनातल्या अमृताशी जोडून या नदीला अमृतवाहिनी म्हणतात. इथून निघून ती अकोल्याला अगस्ती ऋषींच्या आश्रमाजवळून जाते, पुढे नेवाशाला पोहोचते. तिथे, याच नदीच्या काठी, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग टोक्याजवळ प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. माझ्या गटातल्या वारकरी आजोबांनी एकदा हे ऐकलं आणि पुष्करणीतल्या पाण्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. त्या दिवशी आमचे उरलेले पॉइंट राहिले.

रतनगड चढणं हा वेगळा दिवस आहे. वाट दाट जंगलातून जाते, शेवटी लोखंडी शिड्या, वर कातळाला आरपार भोक पडलेलं नेढं. त्यात बसलं की वारा पाठीतून पोटात शिरतो. नऊ वर्षांच्या मुलाला चालण्याची सवय असेल तरच न्या, आणि न्या ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, शिड्या कोरड्या असताना. वाटेत वरच्या फांद्यांकडे लक्ष ठेवा. शेकरू, आपला राज्यप्राणी, या अभयारण्यात अजून बऱ्यापैकी आहे. आधी आवाज येतो, कुणीतरी रागावून टकटक करावं तसा. मग तपकिरी-लाल अंग, पिवळसर पोट आणि अंगापेक्षा लांब शेपूट. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. एक शेकरू चारपाच घरटी करतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे मालक घरात असेलच असं नाही.

कळसूबाई, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर, पायथा बारी गाव. तुमच्या यादीत ती आहे हे मला माहीत आहे. काढून टाका. सहा जणांत दोघं चढणार, चौघं खाली दिवसभर ताटकळणार. घोटीहून येताना ती दिसतेच, गाडी थांबवून हात जोडा.

सांदण दरीबद्दल थोडं सविस्तर, कारण व्हिडिओ बघून सगळेच तिच्याबद्दल विचारतात. साम्रद गावापासून पंधरा-वीस मिनिटांवर जमीन अचानक चिरल्यासारखी फाटते. दोन्ही बाजूंना शेदोनशे फुटांच्या भिंती, मध्ये कुठे कुठे दोन माणसं शेजारी चालणार नाहीत एवढी अरुंद. ऊन तळापर्यंत दुपारी थोडा वेळच पोहोचतं. इथेही प्रश्न तोच. पावसाळ्यात ही दरी म्हणजे पाण्याची नळी, आत पाऊल टाकायचं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरुवातीलाच दोन डोह लागतात, पहिला कमरेपर्यंत, दुसरा छातीपर्यंत, आणि पाणी इतकं गार की बोलती बंद. जानेवारी-फेब्रुवारीनंतर ते ओसरत जातात. आभाळ भरलेलं असेल, अवकाळीची नुसती शंका असेल, तरी जाऊ नका. पाऊस वर दुसरीकडे पडतो आणि पाणी दरीत येतं. साम्रदमधला वाटाड्या बरोबर घ्याच. त्याला आकाश वाचता येतं, तुम्हाला-मला ॲप वाचता येतं. दरीचा खालचा टप्पा दोरांचा आहे, तो तुमच्यासाठी नाही. वरच्या टोकाशी मात्र काठावरून खाली डोकावता येतं, समोर अलंग-मदन-कुलंगची रांग आणि आजोबाचा डोंगर, सूर्यास्ताला तिथे चहा प्यावा.

हिवाळ्यात धरण अजून बरंच भरलेलं, पाणी संथ, होडीने फेरी मारता येते. लाइफ जॅकेट मागून घ्या, दिलं नाही तर होडीत बसू नका. रात्री आकाश. काठावर दिवे कमी असतील अशी जागा निवडलीत तर मृग नक्षत्र आणि त्याच्या मागे व्याध मुलांना बोट दाखवून शिकवता येतात. गेल्या काही वर्षांत काठावर तंबूंची वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर स्पीकरही. जागा ठरवताना सरळ विचारा, “रात्री गाणी लावता का?” हो म्हणाले तर दुसरीकडे फोन करा. मुरशेत, पांजरे, रतनवाडी इथे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबं घरगुती सोय करतात. खोल्या साध्या, पण नागलीची गरम भाकरी, वरईचा भात, मिरचीचा ठेचा आणि धरणातला मासा, हे हॉटेलात या चवीने मिळत नाही.

उन्हाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी आवर्तनाने खाली गेलेलं, काठ उघडे पडतात आणि पाणी उतरल्याच्या रेघा डोंगरभर पायऱ्यांसारख्या दिसतात. शेतांत राब भाजल्याचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळल्याचे, काळे चौकोन. बायका-मुलं बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करायला रानात. करवंदं मात्र याच दिवसांत पिकतात, आणि ती पळसाच्या द्रोणात विकायला बसलेली पोरं भाव सांगतात त्याच भावात घ्या, घासाघीस करू नका.

तर तुमच्यासाठी माझं मत. शाळेतून शुक्रवारची एक रजा काढता आली तर गणपतीनंतरचा एखादा आठवडा. पहिल्या दिवशी डोंबिवलीहून कसारा-इगतपुरी-घोटीमार्गे दुपारपर्यंत पोहोचा, काही करू नका, संध्याकाळी धरणाच्या भिंतीच्या बाजूला नुसतं बसा. पाणी सोडलेलं असेल तर छत्री दिसेल. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने, म्हणजे आधी घाटघर, मग साम्रदचा सडा, मग रतनवाडी. सगळे पॉइंटवाले सुलट जातात, त्यामुळे तुम्हाला रस्ता मोकळा मिळतो, आणि दुपारी घाटघरला ढग चढायच्या आत तुमचा कडा बघून झालेला असतो. तिसऱ्या दिवशी रंधा, राजूरला पेढे, आणि परत. रजा नसेल तर मेअखेर, काजव्यांसाठी. शाळा तेव्हा बंदच असतात. दिवाळीची सुट्टीही चालेल, हवा उत्तम असते, पण धबधब्यांची आशा ठेवू नका आणि खोल्या महिनाभर आधी सांगून ठेवा.

पेट्रोल घोटीलाच भरून घ्या. साम्रद-घाटघरकडे मोबाइलला रेंज येते-जाते, तेव्हा जेवणाचं सकाळीच सांगून निघा. सासऱ्यांसाठी काठी घ्या, रबरी टोकाची. आणि पावसाचे दिवस असतील तर सगळ्यांना रेनकोट. छत्री घरी ठेवा, घाटघरच्या वाऱ्यात ती दोन मिनिटांत उलटी होते.